अबोल्यावर पिक्चर निघत नाही

ढिशुमकाका सिनेमात फक्त मारामारीला रडायचे. नायिका मेली, आई आंधळी झाली, कुत्र्यानं धन्यासाठी प्राण सोडला, तरी काका ढिम्म. पण पडद्यावर एका भावानं दुसऱ्या भावाच्या जबड्यावर पहिला ठोसा ठेवला, की काकांच्या डोळ्यांना जी धार लागायची, ती जयपूरच्या उन्हाळ्यात एखाद्या कॉलनीला दोन वेळ पुरली असती. पुढच्या रांगेतले लोक मान वर करून एसी गळतोय का ते बघायचे. मी शेजारच्या खुर्चीत असायचो, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

काका मूळचे अकोल्याचे. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि जयपूरच्या सोडाला भागात घर बांधून राहिले. विम्याच्या नोकरीत बदली होऊन मी जयपुरात आलो आणि त्यांच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत निरोप पोचवायची सवय, त्यामुळे आवाज तसाच. "चहा घेता का साहेब" हा त्यांचा प्रश्न पार सी-स्कीम वस्तीपर्यंत ऐकू जायचा, आणि तिथून कुणी हो म्हटलं असतं तर काकांनी त्याच्याही नावाचं आधण ठेवलं असतं.

भाड्याचे गुंड मार खायचे तेव्हा काका निवांत कचोरी खायचे. "यांच्यात काय पाहाचं जी? मारणाऱ्याले नाव माहीत नाही, खाणाऱ्याले कारण माहीत नाही." पण बाप आणि लेक, किंवा भाऊ आणि भाऊ समोरासमोर आले, की कचोरी परत कागदात. मग ते माझ्या कानात कुजबुजायचे; म्हणजे ते त्याला कुजबुजणं म्हणायचे, बाहेर तिकीटखिडकीवरच्या माणसालाही ते नीट कळायचं. "हा ठोसा नाही साहेब. हा विचारून राहिला, की तू मले सोडून काहून गेला." मी पडद्याकडे बघायचो. आणि खोटं सांगत नाही, पुढचा ठोसा मलाही तसाच दिसायचा.

पडद्यावर पोलीस आले आणि त्यांनी दोघा भावांना सोडवलं, की काका चिडायचे. चिडणं थेटरात ठेवून येण्यातलेही ते नव्हते. एकदा सोडाल्यात भर चौकात कचोरीच्या गाड्यावरचे दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या गळपट्टीला झोंबले. लोक सोडवायला धावले, तर काका हात पसरून आडवे. "भैया, बीच में मत पड़ो. सगे हैं, छूने दो एक-दूसरे को." म्हातारा भर रस्त्यात मुसमुसतोय हे बघून त्या दोघांची मारामारीच आटपली. एकानं काकांना खुर्ची दिली, दुसऱ्यानं पाणी.

त्यांची आणखी एक खोड होती, जिच्या कारणाचा मला कित्येक महिने पत्ता लागला नाही. सत्यनारायण नावाचा माणूस त्यांना दारात चालत नसे. जयपुरात हाक मारली तर गल्लीतले निम्मे पुरुष मागे वळून बघतील इतकं हे नाव रुळलेलं. तरी काकांनी या नावाचा दूधवाला बदलला, प्लंबर परत पाठवला. कारण विचारलं तर म्हणायचे, "नाव बरोबर नाही त्याचं."

हे सगळं रडणं कुठून यायचं ते मात्र काकांच्या डोक्यावरच राहत होतं. वरच्या मजल्यावर त्यांचा थोरला भाऊ, दादा. तेही रेल्वेतलेच. घर दोघांनी मिळून बांधलेलं, आणि दोघांत अबोला. पिंकी, म्हणजे काकांची मुलगी, शाळेत होती तेव्हापासूनचा. आता ती कॉलेजात शिकवत होती आणि अबोला तसाच ठणठणीत होता.

मी राहायला आलो तसा त्यांना हक्काचा निरोप्या मिळाला. दोघं अंगणात हातभर अंतरावर उभे असायचे. काका म्हणायचे, "साहेब, त्याले सांगा, टाकी भरून वाहून राहिली." मी दादांकडे वळायचो, "दादा, टाकी वाहतेय." दादा म्हणायचे, "सांगा त्याले, मले डोळे आहेत." मराठीचं मराठीत भाषांतर करणारा माझ्यासारखा दुभाषी अख्ख्या राजस्थानात दुसरा झाला नसेल.

एकदा सिनेमाहून परतताना मी धीर करून अबोल्याचं कारण विचारलंच. काका म्हणाले, "एका परक्या माणसासाठी त्यानं मले घर खाली कराले सांगतलं. तेही लहान पोरीच्या तोंडून. मी विचाराले गेलो नाही, त्यानंही पुन्हा विषय काढला नाही. मतलब लाज वाटली असन." आणि पुढे म्हणाले, "पिक्चरवाल्यांचं बरं आहे. धरतात, आपटतात, पण हात तर लावतात. आमच्यात तेवढंही झालं नाही. अबोल्यावर कोणी पिक्चर काढत नाही साहेब. दाखवतीन काय? दोन म्हातारे आणि एक जिना."

मग दादांची पंच्याहत्तरी आली. मुलाकडे पुण्याला कायमचं राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. गुडघ्यांना जिना झेपेना. पंच्याहत्तरीचा सोहळा उरकला की निघणार. काकांनी हे माझ्याकडून ऐकलं आणि त्या आठवड्यात ते सिनेमालाही आले नाहीत. दोन दिवसांनी दादांनी मला बोलावलं. "त्याले सांगा, पाहुण्यांले जिना चढवत नाही. शांत खाली करा लागते."

मी खाली येऊन शब्द न् शब्द पोचवला. काकांचा चेहरा सिग्नलसारखा लाल झाला. "पाहा. जाता जाता पुन्हा घर खाली करा लागते. तेव्हाही हेच."

"अहो काका, पंच्याहत्तरीची शांत," मी म्हटलं. "ती खाली करायची आहे. तळमजल्यावर, तुमच्याकडे."

पिंकी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "बाबा," ती म्हणाली, "तेव्हा मोठे बाबा मला बोलले होते, सत्यनारायण आहे, खाली करा लागते. मला लगा, कोणी सत्यनारायणजी राहायला येणार आहेत. म्हणून मी तुम्हाला बोलले, सत्यनारायणजी आ रहे हैं, खाली करना पड़ेगा."

एवढी वर्षं ज्या सत्यनारायणाला काका दारातून परत पाठवत होते, तो चौरंगावर बसायला येणार होता.

काका उठले आणि जिन्याकडे निघाले. वर आवाज गेलाच होता, त्यामुळे दादाही कठडा धरून उतरत होते. अर्ध्या जिन्यात दोघे समोरासमोर आले. काकांनी पहिल्यांदा थेट विचारलं, "सांगतलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही? मी शिऱ्याचा रवा भाजून बसलो, अन् तू दाराले कुलूप लावून अकोल्याले गेला."

काकांनी दादांची गळपट्टी धरली. दादांनी काकांच्या एक ठेवून दिली. काकांनी ढकललं, दादांनी खेचलं, कठड्यावर वाळत घातलेली बगरू छपाईची चादर दोघांच्या डोक्यावर आली आणि त्या छापील तंबूच्या आत जे काही झालं ते बघून दोन्ही बाजूंच्या गच्च्या भरल्या. मी सोडवायला पुढे झालो, तर पिंकीनं कणकेच्या हातानं माझं मनगट धरलं. "भैया, रहने दो. हात लावू दे."

चादर थांबली. आतून काकांचा आवाज आला, या वेळी खरोखर कुजबुजता. "नको जाऊ ना." दोघांनाही एकट्यानं उठता येईना, म्हणून एकमेकांना धरून उठले. शांत खाली झाली, आणि त्यानंतर दादाही खाली राहायला आले. पुण्याचं तिकीट रद्द.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे सिनेमाला गेलो. पडद्यावर भावाभावांची जुंपली आणि मी सवयीनं रुमाल पुढे केला. काका कचोरी खात होते. "हे तर घरीच असते," ते म्हणाले. रुमाल दादांनी घेतला.

माझी बदली झाली तेव्हा दोघेही स्टेशनवर पोचवायला आले. माझा डबा नेमका कुठे लागतो यावरून प्लॅटफॉर्मवर त्यांचं पेटलं. दोघेही आयुष्यभर रेल्वेत, त्यामुळे मागे हटणार कोण? काका मला एका टोकाला ओढत होते, दादा दुसऱ्या. डबा मध्येच लागला. मी चढलो, दारात उभा राहिलो, हात हलवला. गाडी हलली. ते दोघे एकमेकांचे दंड धरून अजून भांडत होते, आणि माझ्याकडे बघायला एकालाही सवड नव्हती.