मधोमध किटली

माझ्या बायकोच्या मामांच्या नजरेतून आजवर एकही गोष्ट सुटलेली नाही. असं ते स्वतःच सांगतात, आणि कुणी खोटं पाडायला गेलाच तर त्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात आहे हे दाखवून त्याला गप्प करतात. मिल्टन कीन्समध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासनिसाचं काम केलं. समोरून सरकत जाणाऱ्या शेकडो सारख्या तुकड्यांतला एक वाकडा तुकडा उचलून बाजूला टाकायचा. मामा रिटायर झाले, नजर झाली नाही. आमच्या लग्नात हरवलेली अंगठी त्यांनी चिवड्याच्या परातीत शोधून काढली, तीही हात न लावता, लांबून. मंडळाच्या गणपतीला आरतीच्या वेळी ते डोळे किलकिले करून टाळ्या वाजवत असतात तेव्हा वाटतं, काय तल्लीन झालाय माणूस! आरती संपली की ते हळूच कार्यकर्त्याच्या कानाशी लागतात, "मखर डावीकडे उतरलंय हं. सजेशन आहे, कम्प्लेंट नाही."

अशा माणसाला माझ्या बायकोने, मेधाने, सुपरमार्केटच्या दारातल्या रॅकवरून एक स्वस्तातली सीडी नेऊन दिली आणि मामांच्या म्हातारपणाची सोय झाली. चित्रात लपवलेल्या वस्तू शोधायचा तो कॉम्प्युटर गेम होता. एक ओसाड बंगला, त्यातली एक वारसदार मुलगी नाहीशी झालेली, आणि प्रत्येक खोलीत जुन्या बाजारासारखा पसारा. खाली नावं येतात: कात्री, छत्री, मेणबत्ती, बेडूक. सगळं शोधलं की दार उघडतं आणि पुढच्या खोलीत नवा पसारा. मामांनी तो बंगला दोन बैठकांत रिकामा केला आणि मेधाला फोन केला, "मुलगी सापडली. पण पहिल्या खोलीपासून कुणी पोलिसांना फोन का केला नाही, हे मला कळलं नाही."

मग कुठूनसा त्यांना इंटरनेटवर अशा गेमच्या शौकिनांचा एक फोरम सापडला. जगभरच्या रिकाम्या बायका आणि थोडे रिकामे पुरुष तिथे प्रत्येक नव्या गेमवर मत द्यायचे आणि तारे वाटायचे. मामांनी तिथे कारखाना उघडला. "पडद्याच्या रंगाची कात्री पडद्यावर चिकटवणं याला लपवणं म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. दोन तारे." "बेडकाचं शेपूट दिसतंय. बेडकाला शेपूट नसतं. एक तारा." स्कॉटलंडमधल्या एका बाईंना प्रत्येक गेम गोड वाटायचा. मामा त्यांना घरात 'पाच तारेवाली' म्हणायचे, आणि तिचं मत आलं की शर्टाच्या बाह्या सरसावून टायपिंगला बसायचे. एकदा तिने लिहिलं, "आजोबा, हा गेम आहे, परीक्षा नव्हे." मामा चार दिवस धुमसत होते. आजोबा म्हटल्याबद्दल नाही, परीक्षा नव्हे म्हटल्याबद्दल.

या गेममध्ये पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'हिंट' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की न सापडलेली वस्तू आपोआप चमकते. मामांनी ते कधी म्हणजे कधी दाबलं नाही. हिंट घेणारा माणूस त्यांच्या लेखी कॉपी करून पास झालेला. हाच नियम रस्त्यावर. मिल्टन कीन्स हे शहर कुणीतरी राउंडअबाउट, म्हणजे रस्त्यावरचे गोल चौक, घाऊक भावात मिळाले म्हणून वसवलं असावं. एक सुटला की दुसरा. तिथे मामांनी ना कधी नकाशा उघडला, ना कुणाला रस्ता विचारला. जावयाने हौसेने आणलेलं, रस्ता सांगणारं सॅटनॅव्ह त्यांनी खोक्यासकट परत केलं. तो जावई मीच.

मामी मात्र गाडीत अखंड बोलायच्या. पूर्वी नव्हत्या बोलत, हल्लीच लागल्या होत्या. "अगंबाई, लाल झाला." "ही बघा बस, कशी घुसतेय." "अहो, तिसऱ्या एक्झिटला ती नर्सरी, तिथली गुलाबाची रोपं काय सुंदर होती ना!" मागच्या सीटवर बसून मी आणि मेधा एकमेकांना कोपर मारायचो. वयाबरोबर मामींची जीभ सैल झाली, असं आम्हाला वाटलं. गेमच्या वेळीही तेच. मामींनी चहाचा कप ठेवायचा आणि पडद्याकडे बघत म्हणायचं, "शी, छत्रीला किती धूळ, त्या कपाटामागे." मामा खेकसायचे, "अगं, मला सांगू नकोस!" आणि छत्री टिपायचे.

पुढे मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ज्या दिवशी त्यांना घरी आणायचं, त्या दिवशी मदतीला म्हणून मेधाने मला आमच्या रीडिंग गावाहून ट्रेनने पाठवलं. मामा स्टेशनवर गाडी घेऊन आले होते. "या, जावईबुवा," म्हणाले, पण माझ्या कानाकडे बघून. माझ्या कानात काही दोष सापडला असावा म्हणून मी तो चाचपून पाहिला.

त्यानंतरचा प्रवास मी विसरू म्हणता विसरणार नाही. मामा पहिल्या राउंडअबाउटमध्ये शिरले तेव्हा उजवीकडून एक बस येत होती. चांगली दुमजली, लाल बस. मला वाटलं थांबतील. थांबले नाहीत. मी "मामा!" म्हणून ओरडलो, ब्रेक लागला, माझं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं आणि बसचा ड्रायव्हर आम्हाला उद्देशून जे बोलला ते काच बंद असल्यामुळे नुसतं दिसलं. "काय अचानक येतात हो!" मामा म्हणाले. पुढे एक सायकलवाला अचानक आला. एक झेब्रा क्रॉसिंग अचानक आलं. मी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसलो होतो आणि गाडीतली शांतता मला खायला उठली होती. काहीतरी कमी होतं. घराशी पोचल्यावर लक्षात आलं: मामी नव्हत्या.

घरात कॉम्प्युटर चालूच होता. "बसा. मामीला तीन वाजता सोडणार आहेत, वेळ आहे," मामा म्हणाले. "हा नवा गेम बघा. काय वाट्टोळं केलंय. पूर्वी हे लोक कडेला, कोपऱ्यात, मध्ये, सगळीकडे सारख्या वस्तू ठेवायचे. आता सगळं कडेला. मधोमध काही ठेवतच नाहीत! मी लिहिलं तसं. पाच तारेवाली म्हणते, मला तर सगळं मध्येच सापडतं. खोटारडी." पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं. शोधायची एकच वस्तू राहिली होती: किटली. मी पाहिलं. टेबलाच्या बरोब्बर मधोमध, पडद्याच्या मधोमध, कुणाच्याही बापाला दिसेल अशी लालभडक किटली ठेवलेली होती. मामांच्या माउसचा बाण तिच्याभोवती, कडेकडेने फिरत होता.

लाल किटली, लाल बस. मामींची बडबड. गुलाबाची रोपं. सगळं एकदम उलगडलं आणि आधी मला मामींचाच भयंकर राग आला. गंमत होती का ही? कुणाचं पोर आलं असतं पुढ्यात म्हणजे? आणि आता हा माणूस त्याच गाडीत, टाके घातलेला गुडघा लांब करून बसलेल्या बायकोला आणायला निघणार होता. त्यांच्या गाडीच्या विम्यात माझं नाव नव्हतं, म्हणून कायद्याने मला ती चालवता येत नव्हती. किल्ली मामांच्या खिशात होती. आणि ज्या माणसाने जन्मात कुणाकडून साधा रस्ता विचारून घेतला नाही, त्याला हे सांगायचं कसं?

मामांनी जाकीट चढवलं. मी दारात आडवा झालो.

"मामा, एक करा. समोर रस्त्यापलीकडे गाडी उभी आहे, तिची नंबरप्लेट वाचून दाखवा."

या देशात गाडी चालवायची तर एवढं वाचता यावंच लागतं, हे मामांनीच मला शिकवलं होतं. ते खवळले. "माझी टेस्ट घेता? मी गाडी चालवायला लागलो तेव्हा तुम्ही हाफचड्डीत होता."

"तपासल्याशिवाय माल पास करायचा नाही, तुम्हीच म्हणता ना?" मी म्हणालो.

हे त्यांना लागलं. ते पायरीवर आले, ताठ उभे राहिले आणि नंबर धाडधाड म्हणून दाखवला. प्रत्येक अक्षर बरोबर. रोज तिथे उभ्या असणाऱ्या शेजाऱ्यांच्या निळ्या गाडीचा नंबर; ती वाकडी लावतात म्हणून मामांनी तो मला अनेकदा ऐकवला होता.

"मामा," मी म्हणालो, "ती गाडी आज नाहीये. तिथे पार्सलवाल्याची व्हॅन आहे. पांढरी."

मान जराशी वळवून मामांनी कडेच्या नजरेने पुन्हा पाहिलं.

"पांढरी?"

"हो."

"मला वाटलं, ऊन पडलंय."

त्या क्षणी मला ते सगळं परत घ्यावंसं वाटलं. ते माझ्या बाजूने आत गेले, जाकीट न काढता कॉम्प्युटरपुढे बसले आणि म्हणाले, "गंमत बघा. ते कोपऱ्यातलं बटण मला अगदी स्पष्ट दिसतं. सगळ्यात स्पष्ट तेच दिसतं." मग त्यांनी बाण उजव्या कोपऱ्यात नेला आणि हिंट दाबली. पडद्याच्या मध्यावर किटलीभोवती चांदण्या नाचायला लागल्या. मामा त्यांच्याकडे तिरपी मान करून बघत राहिले. "इथे होती होय," म्हणाले. किल्ली त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवली, माझ्याकडे न बघता. मी टॅक्सीला फोन केला.

परतताना टॅक्सीत मामी पुढच्या सीटवर, गुडघा लांब करून. सवयीने त्या म्हणाल्या, "अगंबाई, राउंडअबाउट आला." टॅक्सीवाल्याला मराठी येत नव्हती. मामी एकदम चपापल्या, मागे वळल्या, आणि माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना सगळं कळलं असावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डोळे तपासा म्हणून किती वेळा सांगितलं हो तुम्हाला," त्या पुटपुटल्या, "ऐकत नव्हता. मग मी आपली..." मामांनी पुढे हात करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "तिसरं एक्झिट का गं?" त्यांनी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामांनी बायकोला रस्ता विचारल्याचं कुणी पाहिलं असेल तर ते मीच.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, आहे तेवढं टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. लायसन्स परत गेलं, गाडी विकली. मामा आता बसने फिरतात आणि ड्रायव्हर राउंडअबाउटला कसा वळला यावर मत देतात. गेम चालू आहेत. आम्ही गेलो की मामा माउस धरून बसलेले असतात आणि शेजारी खुर्ची ओढून मामी, आता चहाचं निमित्त न काढता, उघडपणे सांगत असतात. फोरमवर मामांनी त्या गेमचे तारे वाढवले आणि पाच तारेवालीची माफीही मागितली. तिने लगेच मामांना पाच तारे दिले.

परवा मी त्यांच्या मागे उभा होतो. "मधोमध, टेबलावर, परत किटलीच," मामी म्हणाल्या. मामांचा बाण सावकाश मध्याकडे सरकला, थोडा अडखळला, थांबला. "दिसली," मामा म्हणाले. मामींनी मान डोलावली आणि पुढची वस्तू वाचली. खरंच दिसली का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.