ड्रॅगनची शेपटी आणि क्वालिटीवाले दादा

गेल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी काळेवाडीतल्या आमच्या खेळाच्या ग्रुपमधून क्वालिटीवाल्या दादांना काढून टाकलं गेलं. हा सरळ अन्याय आहे!

गुन्हा काय? आम्ही टेबलावर फासे टाकून खेळतो, त्या जादूच्या खेळाचा आता व्हिडिओ गेम आलाय. समीक्षकांनी दहापैकी दहा देऊन टाकले. दादा चाकणला कंपनीत पार्ट तपासतात. लोकांच्या घरी चहाचा कपसुद्धा उजेडात फिरवून बघतात. त्यांनी अख्खा गेम खेळला, शेजारी खरा फासा शंभरदा टाकून ताडून पाहिला आणि ग्रुपवर समीक्षा टाकली: "गोष्ट ओके. फासा ओके. ड्रॅगनची शेपटी भिंतीतून आरपार जाते. रीवर्क, दुरुस्त करून परत पाठवा."

"ड्रॅगन हाय तो दादा, बेअरिंग न्हाई!" रविवारी खेळायला जमल्यावर खेळ चालवणारा भाऊ टेबलावर हात आपटून ओरडला.

"मग भिंत रिजेक्ट करू का, भावा?" दादांनी शांतपणे विचारलं.

तिथंच त्यांना काढलं. दादांनी आपला फासा रुमालात पुसून, निरखून खिशात ठेवला आणि ते निघाले. आम्ही पुढचा डाव मांडला, मीसुद्धा.

ग्रुपवाल्यांनो, आज घरी जा, गेम लावा, ड्रॅगनला भिंतीशी उभा करा, शेपटी बघा. आणि दादांना परत घ्या!