दोन पाकळ्यांचा ल

बोर्ड छापण्याआधी तुम्ही तो कोणाला दाखवता? पैसे देणाऱ्याला, की ज्याला तो वाचायचा आहे त्याला?

देवळीच्या बंडूजींना हे कधी कोणी विचारलं नाही. तीस वर्षं त्यांनी ब्रशने बोर्ड रंगवले. शाळा, दवाखाने, ट्रॅक्टरचे नंबर, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आलं आणि ब्रश डब्यातच वाळले. आता ते पियुषच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतात. खांदा दुखतो, डोळे चुरचुरतात, आणि लग्न असो की तेरवी, गिऱ्हाईक त्याच एका नखरेल फॉन्टवर बोट ठेवतं. बंडूजी वाद घालत नाहीत. घालून घालून थकले.

त्या दिवशी शोभाबाई बसने आल्या. त्यांच्या वस्तीतल्या हातपंपाचं पाणी तपासणीत वाईट निघालं, म्हणून पंपाला लाल रंग दिला होता. बायांना वाटलं, रंग दिला म्हणजे दुरुस्त झाला. पाण्याच्या गुंडांची, हंड्यांची रांग उलट वाढली. म्हणून बोर्ड हवा होता : 'लाल पंपाचं पाणी लेकरांना पाजू नका.' खर्च देणाऱ्या पुढाऱ्याने मोबाईलवरच डिझाइन पास करून टाकलं होतं.

बंडूजींनी प्रूफ पुढे केलं. शोभाबाईंचं बोट पहिल्याच अक्षरावर अडलं. 'पाणी' त्यांनी वाचलं, पुढे 'लेकरांना'पाशी पुन्हा अडल्या.

"हे कोणतं अक्षर व्हय, बंडूजी? आमच्या भिंतीवर असं नाई."

चाळिशीनंतर शिकलेली बाई. साक्षरता वर्गात, समाजमंदिराच्या भिंतीवरची मुळाक्षरं पाहून. ती भिंत बंडूजींनीच रंगवली होती. ल काढला होता दोन पाकळ्यांचा. फॉन्टमधला ल उभ्या दांडीचा, हिंदीच्या पुस्तकातला. शिकल्यासवरल्यांना फरक दिसतही नाही. शोभाबाईंसाठी ते अक्षरच नव्हतं.

पियुष मागून कुरकुरला की पुढाऱ्याला उद्या बोर्डासोबत फोटो काढायचा आहे, आणि बोर्ड वाचतं कोण, लोक तर कलर पाहतात.

"जिले वाचाचं हाय, ते समोर उभी हाय," बंडूजी आवाज न चढवता म्हणाले.

मग त्यांनी एकेक फॉन्ट लावायला घेतला. शोभाबाई स्क्रीनकडे पाहून मान हलवत राहिल्या. नाई. हा बी नाई. पंखा घरघरत होता, बंडूजींचा खांदा ठणकत होता. शेवटी एक साधा, जाड, बिननखऱ्याचा फॉन्ट आला. पियुषच्या मते म्हातारा.

"हा आमचा ल," शोभाबाई म्हणाल्या आणि अख्खं वाक्य एका दमात वाचून गेल्या. मग पुन्हा वाचलं, हळू. "आता साऱ्या जणी वाचतीन."

पुढारी चिडेल, असं पियुष म्हणाला. माझं नाव सांगजो, एवढं बोलून बंडूजींनी प्रिंट दिली. भिंत आपण रंगवली, हे त्यांनी शोभाबाईंना सांगितलं नाही. सांगायलाही दम लागतो. पुढची लग्नपत्रिका उघडली. पुन्हा तोच नखरेल फॉन्ट.

तुमच्याकडे बोर्ड लागणार असेल, तर छापण्याआधी तो कागद वस्तीतल्या एखाद्या शोभाबाईच्या हातात द्या, आणि तिचं वाचून होईपर्यंत थांबा.