आईची तोंडी परीक्षा

त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि हा राग जावा असं मला फारसं वाटतही नाही. निवृत्त प्राध्यापक. आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराच्या तयारीचा, वर्ग घेणारा. पवित्र आत्म्याच्या सात देणग्या त्यानेच माझ्याकडून घोकून घेतल्या होत्या. त्यांत ज्ञान वेगळं आणि शहाणपण वेगळं, हे तो फळ्यावर दोन रकाने आखून शिकवायचा. पहिला रकाना त्याने घरी नेला असावा. दुसरा फळ्यावरच राहिला.

माझी आई मंद्रूपकडची. लहानपणी मेंढरं राखली, लग्न झाल्यावर बाप्तिस्मा घेतला, अक्षर कधी शिकली नाही. गेली काही वर्षं तिला काही आठवत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती मला कधी वहिनी म्हणते, कधी नर्सबाई. जेवून हात धुतले की पाच मिनिटांत विचारते, "आज भाकरी न्हाय का गं?" दिवसभर खायला मागते. फक्त रविवारी मागत नाही. रविवारी तिच्यासाठी घरी कम्युनियन येतं, चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून पवित्र केलेली पातळ गोल भाकर. ते घेण्याआधी पोटात काही घालायचं नाही, हे तिला तरुणपणी कुणीतरी सांगितलं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं, तेवढं राहिलं. मी सकाळची मिस्सा करून घरी आले की ती डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसते आणि चहाचा कपसुद्धा बाजूला सारते.

आधी ते घेऊन चर्चच्या मठातल्या एक सिस्टर यायच्या. कम्युनियन पुढे धरून "ख्रिस्ताचं शरीर" म्हणायच्या, आई "आमेन" म्हणायची, झालं. त्यांची बदली झाली आणि हे काम या विद्वानाकडे आलं.

पहिल्याच रविवारी तो स्कूटर लावून वर आला. खिशातून कम्युनियनची डबी काढली, उघडली, आणि आईसमोर धरून वर्गात विचारावं तसं विचारलं, "मावशी, हे काय आहे?"

आईने हात जोडले.

"हे कोण आहे, सांगा बरं."

आई म्हणाली, "तुमी बसा की. उबं का?"

त्याने डबी मिटली. टक्कन आवाज झाला. मला म्हणाला, "साधं अन्न आणि हे, यातला फरक कळला पाहिजे. तो कळत नसेल तर मला देता येत नाही. नियम मी केलेला नाही."

"सर, ती उपाशी आहे. हे घेतल्याशिवाय ती काही खात नाही."

"आजारी वृद्धांना उपास माफ असतो," तो म्हणाला. "खुशाल खाऊ घाला."

त्याचं बरोबर होतं. हीच तर चीड येते! असल्या माणसांचं नेहमी बरोबर असतं. माफी आहे हे त्याला ठाऊक होतं. माफी असूनही उपाशी बसलेली बाई त्याला दिसली नाही. तो जिना उतरला तेव्हा घसरून पडावा असं मला वाटलं. तेवढं वाटून घेतलं आणि दार आपटलं.

आई तशीच बसून राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. भात आणला, तोंड फिरवलं. साखरेचं पाणी आणलं, ओठ मिटले. एक वाजता तिचे हात थरथरायला लागले. आमच्या चर्चचे फादर उजनीकाठच्या एका गावात मिस्सेला गेले होते, फोन लागत नव्हता. मी घाबरले. स्वयंपाकघरात जाऊन पातळ बिस्किटाचा गोल तुकडा कातरला, तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," आई म्हणाली आणि तोंड उघडलं.

क्षणभर तिने तो जिभेवर धरला. मग तळहातावर काढला, नीट बघितला आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्ये न्हवं," म्हणाली. "तू असं कशाला करतीस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आधी मी काय केलं? त्या माणसाला फोन लावला. मला त्याच्यावर मात करायची होती. "सर, तिला फरक कळतो," म्हटलं आणि सगळं सांगितलं.

"बिस्किटाने काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला. "आणि तुम्ही केलंत ते पाप आहे." पुन्हा त्याचं बरोबर होतं.

अखेर फादरांना फोन लागला. जेवणाचं ताट तसंच सोडून ते मोटारसायकलवरून आले, अंगभर धूळ. आईला त्यांनी काहीच विचारलं नाही. समोर वाकले, दोन शब्द म्हणाले. आईने "आमेन" म्हटलं, घेतलं, डोळे मिटले. नंतर तिने भात खाल्ला, माझ्या हातून.

पण त्याआधी फादर माझ्याकडे वळले होते. माझी सकाळची मिस्सा झालेली त्यांना माहीत नव्हती. डबीत अजून एक कम्युनियन होतं. "तुम्ही?" त्यांनी विचारलं.

सकाळी मी घेतलंच होतं, आणि दिवसातून दुसऱ्यांदा घरी घेत नाहीत. एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं, आणि ते बरोबरही होतं. मी आईकडे बघितलं.

"आधी पापनिवेदन करायचंय, फादर," मी म्हणाले.