एकाच ताटलीतलं

आमच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या मावशीच्या दोन मांजरी होत्या, बटण आणि काज. एका ताटलीत जेवलं की माया वाढते, म्हणून तिने त्यांना कायम एकत्रच वाढलं. पुढे बटणच्या रक्तात मांजरांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, विषाणू निघाला. तो लाळेतून पसरतो हे कळताच मावशीने बटणला शिवणाच्या खोलीत वेगळं ठेवलं आणि काजला डॉक्टरांकडे नेलं.

“हिला तरी लस टोचा. बटण तुटलं तरी काज राहील.”

“आधी रक्त तपासू, मावशी. लागण झाली असेल तर लशीचा उपयोग नाही.”

दोनदा तपासलं. काजलाही लागण होती.

“माझ्या मायेनंच घात केला हो,” एवढंच ती बोलली.

घरी येऊन तिने खोलीचं दार उघडलं आणि दोघींपुढे पुन्हा एकच ताटली ठेवली.