लाल सोड्याची पाणपोई

दादाला बँकॉकला जायच्या आधीच माहीत होतं का?

हे मी वहिनीला विचारलं, तर तिने माझ्यापुढचं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. माझं जेवण अजून चाललं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "चहा मांडू का?" उन्हाळ्यात आम्ही बँकॉकला खायला गेलो आणि दिवाळीच्या आधी दादा तोंडाच्या कॅन्सरनं गेला. आता घरी जो येतो तो हळूच म्हणतो, "गोलू, तो पंगतीचा किस्सा सांग ना बे." कढईत एक बोंडा फुगून वर आला की बाकीचे मागोमाग येतात, तसं होतं. एक सांगितला की दुसरा वर येतो. लोक हसतात, मीही हसतो, आणि मग लाज वाटते.

अकोल्यात बस स्टँडजवळ आमचं नाश्त्याचं दुकान आहे. आलुबोंडा, वरून लाल तर्री. दादा तळायचा, वहिनी बेसन भिजवायची. मी आठवीत शाळा सोडली तेव्हापासून प्लेटा उचलायचो आणि गिऱ्हाइकांशी भांडायचो.

एक दिवस दादा झारा खाली ठेवून म्हणाला, "जन्मभर लोकायले चारलं. आता लोकायचं खाऊन पाहू. बँकॉकले जाऊ."

आई म्हणाली, "शेगावले जाऊ ना बापा. तिथं कचोरी चांगली भेटते."

पण दादाने अमरावतीच्या एका एजंटकडून चौघांची तिकिटं काढलीसुद्धा.

* * *

पहिल्याच दिवशी कच्च्या पपईची कोशिंबीर आली. बाई खलबत्त्यात कुटत होती. तिने बोटांनी विचारलं, मिरच्या किती? मी दोन्ही पंजे दाखवले. वऱ्हाडातला माणूस मिरचीला भितो का?

तिसऱ्या घासाला माझे कान वाजायला लागले. नाक गळायला लागलं. शेजारच्या टेबलावरची शाळेतली पोरगी बिनघोर तेच खात होती आणि माझ्याकडे बघत होती. तिने तिच्या आईकडून टिश्यू घेतला आणि मला आणून दिला.

दादाने एक घास घेतला आणि प्लेट सरकवली. "मले नाई पायजे. जळजळ होते."

मी म्हणालो, "घ्या! याच्या तर्रीनं अर्धं अकोलं रडते आन याले पपई लागली!"

आई हसली. दादाही हसला, तोंडावर हात ठेवून. वहिनी तेवढी हसली नाही. ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

* * *

दुसऱ्या दिवशी मोठ्या फूड कोर्टात गेलो. लांब टेबलं, कोणीही कुठेही बसतं. आमच्या टेबलाच्या टोकाला एक म्हातारेबुवा भात खात होते. आमचं आटोपलं, मी उठलो.

आईने माझा शर्ट धरला. "बस खाली. पंगत उठली नाई अजून."

"माय, हे पंगत नोहे. तो माणूस आपला कोणी नाई."

"एका वळीत बसला ना? मंग? जेवत्या माणसापुढून उठत नाई."

आम्ही चौघं रिकाम्या प्लेटा घेऊन बसलो आणि काय करायचं म्हणून म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी एकदा वर पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग भराभर खायला लागले. शेवटी चमचा ठेवून उठले. मी म्हणालो, सुटलो एकदाचे.

म्हातारेबुवा परत आले ते ट्रे घेऊन. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा, चार वाट्या. आमच्यापुढे मांडल्या आणि आईच्या खांद्यावर हळूच थोपटलं.

मला टेबलाखाली जावंसं वाटलं. "माय, त्यानं आपल्याले भिकारी समजलं."

आई म्हणाली, "अन्नाले नाई म्हणत नाई. खा."

आम्ही खाल्लं. दादाला तो भात फार आवडला. मऊ होता. तो एकेक शीत मोजल्यासारखा खात होता. मी म्हणालो, "लवकर खाय ना लेका, म्हाताऱ्यावानी काय चघळून राहिला?"

आमच्या वाट्या कधीच रिकाम्या झाल्या होत्या. दादाचं चालूच होतं. आणि ते म्हातारेबुवा, ज्यांना आमच्यातलं कोणी ओळखत नव्हतं, ते समोर हात जोडून बसून राहिले होते. दादाची वाटी संपली तेव्हाच ते उठले.

आई मला म्हणाली, "पाह्यलं? त्यायच्यातही आहे पंगत."

* * *

एका गल्लीत एक बाई केळ्याची भजी तळत होती. दादा गाडीपाशी थांबला तो हलेचना. कढईकडे बघून मान हलवायला लागला.

वहिनी म्हणाली, "अहो, चला ना. तुमचं दुकान नोहे ते."

"तेल थंडं आहे व. भजं तेल पिऊन राहिलं."

आणि त्याने हात घालून शेगडी मोठी केली. परक्या देशात, परक्या बाईची शेगडी! मी सरळ रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि मोबाइलच्या दुकानाच्या काचेत बघत उभा राहिलो. आता पोलीस येणार, आणि यांना मी ओळखत नाही.

थोड्या वेळाने वळून पाहिलं. बाई स्टुलावर बसून लिंबाचं पाणी पीत होती. दादा तिचा एप्रन बांधून तळत होता. गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि आई पिशव्या भरून देत होती.

दादा तिथूनच ओरडला, "गोलू! तिकडं कावून लपला बे? प्लेटा उचल!"

अख्ख्या गल्लीने माझ्याकडे पाहिलं. मी गेलो आणि कागदाच्या प्लेटा उचलल्या. निघताना बाईने दादापुढे भज्यांची भरलेली पिशवी धरली. त्याने ती माझ्या हातात दिली. स्वतः एकही खाल्लं नाही. कुरकुरीत होती ना.

* * *

आणि हा सोड्याचा.

आमच्या दुकानापुढे दादा दर उन्हाळ्यात पाणपोई ठेवायचा. दोन रांजण, त्यांना ओलं तरट, वर झाकण. त्यामुळे पाणपोई त्याला लांबून ओळखू येते, असं तो म्हणायचा.

बँकॉकमध्ये भर दुपारी फिरून फिरून जीव चालला होता. एका ऑफिसच्या फाटकाशी खांबावर देवळासारखं छोटं घर होतं. फुलांचे हार होते आणि पुढे ओळीने लाल सोड्याच्या बाटल्या. झाकणं काढलेली, प्रत्येकीत वाकडी स्ट्रॉ.

दादा म्हणाला, "पाहा, याले म्हणतात पाणपोई. आपण रांजण ठेवतो, हे सोडा ठेवून राहिले. अन् स्ट्रॉ सुद्धा."

आईने आधी हात जोडले, म्हणाली, "ठेवणाऱ्याचं भलं होवो." मग आम्ही प्यायलो. मी दोन प्यायलो. दादाने प्रत्येक घोट तोंडात धरून ठेवला, डोळे मिटून. म्हणाला, "थंडगार. बरं वाटते."

तेवढ्यात आतून वॉचमन पळत आला. त्याने मोबाइलमध्ये काहीतरी बोलून तो आमच्यापुढे धरला. मोबाइल हिंदीत म्हणाला, "यह इस ज़मीन की आत्माओं के लिए है।"

आई खालीच बसली. "म्हणजे आपण वावरातल्या म्हसोबाचा निवद खाल्ला."

मी म्हणालो, "चला, पळा."

दादा पळाला नाही. मला समोरच्या दुकानात पाठवलं, तितक्याच बाटल्या आणवल्या. स्वतः झाकणं काढून ओळीने ठेवल्या. मी निघालो तर ओरडला, "स्ट्रॉ टाक ना बे. बिना स्ट्रॉचे ते कसे पितीन?"

वॉचमन हसत होता. मी मान खाली घालून स्ट्रॉ टाकल्या.

* * *

परत आल्यावर महिन्याभरात नागपूरला दादाचं ऑपरेशन झालं. जबड्याची उजवी बाजू काढली. मग त्याचं सगळं जेवण स्ट्रॉने व्हायचं. वरणाचं पाणी, ताक, रस. बोलता येत नव्हतं. मी घाईत स्ट्रॉ उजवीकडून दिली की तो माझ्या हातावर फटका मारायचा आणि बोटाने डावी बाजू दाखवायचा. मला रोज एकदा तरी फटका बसायचा.

दहाव्याला आम्ही पूर्णेच्या काठावर होतो. पिंड ठेवला. आईने भात-वरण, आलुबोंडा आणि तर्री मांडली. कावळे झाडावर बसून होते, खाली येत नव्हते. वहिनी म्हणाली, "दुकान बंद पडू देणार नाई." आई म्हणाली, "मी गोलूकडं लक्ष देईन." कावळे हलले नाहीत.

काका म्हणाले, "गोलू, तू बोल काई."

मी उठलो आणि चढण चढून रस्त्यावरच्या टपरीवर गेलो. येताना हातात लाल सोड्याची बाटली होती. सगळे पाहुणे माझ्याकडे बघत होते.

काका म्हणाले, "हे काय आणलं बे? लोक पाहून राहिले."

वहिनी म्हणाली, "ठेवू द्या त्याले."

मी झाकण काढलं आणि बाटली पिंडाजवळ ठेवली. खिशातून स्ट्रॉ काढून तिच्यात टाकली आणि तिचं वाकडं टोक डावीकडे वळवलं.