काटा जुळेपर्यंत

आमच्या शेताच्या बांधापर्यंत मुळा धरणाचं पाणी येतं. तिथं एका निवृत्त साहेबांची छोटी शिडाची होडी बांधलेली असते. साखर कारखान्यात त्यांची सगळी नोकरी मीटर जुळवण्यात गेली. रविवारी चर्च सुटलं की ते बायकोला, आमच्या बाईंना, घेऊन यायचे. बाई डबा मांडीवर घेऊन काठावर बसायच्या, कारण जेवायचं पलीकडच्या काठावर, असं ठरलेलं असायचं.

पण आधी मीटर! पंपहाऊसपासून चिंचेपर्यंत एकदा जायचं, एकदा यायचं, आणि होडीच्या मीटरवरचा वेग मोबाईलवरच्या वेगाशी जुळवायचा. मग डोलकाठीवरचा वाऱ्याचा काटा. एवढं करून टॅबवरचं सॉफ्टवेअर म्हणायचं, या वाऱ्यात होडी आणखी पळायला हवी. झालं, पुन्हा पंपहाऊस.

"अहो, वारा चांगला हाय की. चला ना," बाई म्हणायच्या.

"काटा खोटं बोलतोय गं. पुढच्या रविवारी नक्की."

डबा आमच्याच बांधावर उघडायचा. त्यांची चिकाटी मला आवडायची, पण तेव्हा बाईंकडं बघवायचं नाही.

यंदा सगळे आकडे जुळले. पण बाईंचे गुडघे गेलेत, होडीत पाय टाकता येत नाही. त्या गाडीतच बसून राहिल्या आणि माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "यांना न्या."

होडी सुरेख पळाली. पलीकडचे दगड स्पष्ट दिसायला लागले, तशी त्यांनी टॅबवर टोपी ठेवली आणि सुकाणू फिरवलं.

"उतरायचं न्हाई का?" मी विचारलं.

"तिथं आधी ती उतरणार हुती," ते म्हणाले.